व्हीपीएन लागत नाहीये

ए-५०३: नमस्कार. शनिवारी सोसायटीच्या नवीन इंटरनेट कंपनीने राउटर बसवला तेव्हापासून ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं कनेक्शन) कनेक्ट होत नाहीये. गोल फिरत राहतं आणि मग टाइमआउट. साडेसहाला क्लायंटचा कॉल आहे. अजून कोणाला होतंय का असं?

बी-२०१: ताई, राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा.

सी-३०४: आमच्याकडे एकदम मस्त चालू आहे.

ए-५०३: काका, चार वेळा केलं. नेट मलाही आहे हो, व्हीपीएन लागत नाही.

सेक्रेटरी: मॅडम, इंटरनेट कंपनी बदलायचा ठराव सोसायटीच्या सभेत झालाय. तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती.

ए-१०२: सभेला होते किती? आणि वायर ओढताना लॉबीत भोक पाडून गेले ते कोण बुजवणार?

डी-६०१: ए-५०३, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लागतंय का बघा. लॅपटॉपची तारीख-वेळही बघा, ती चुकली की व्हीपीएनचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) चालत नाही.

ए-५०३: वेळ बरोबर आहे. हॉटस्पॉटवर लगेच लागलं!

बी-२०१: राउटर बंद करून चालू करा. मध्ये दोन मिनिटं थांबायचं.

डी-६०१: मग लॅपटॉप, पासवर्ड, ऑफिसचा सर्व्हर सगळं ठीक आहे. अडतंय राउटरमध्ये नाहीतर पुढे कंपनीकडे. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये आयकेईव्ही२ (व्हीपीएन जोडायची एक पद्धत) लिहिलंय का?

ए-५०३: हो, तेच.

सी-३०४: आमच्या हिचं पण ऑफिसचं व्हीपीएन आहे, ते चालतंय की. उगाच राउटरला नावं ठेवू नका.

डी-६०१: वहिनींचं ४४३ पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटचं नंबर दिलेलं दार) जात असणार, वेबसाइटसारखं. ते सहसा कोणी अडवत नाही. आयकेईव्ही२ ला यूडीपी ५०० आणि ४५०० हे दुसरे पोर्ट लागतात. ते अडले की बाकी नेट चालतं, हे नाही.

सेक्रेटरी: टँकर आलाय. पांढरी स्विफ्ट कोणाची? लगेच काढा.

ए-१०२: भोकाचं काय ते सांगा आधी.

डी-६०१: राउटरचं सेटिंग उघडायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. पासवर्ड राउटरच्या तळाशी असेल.

ए-५०३: स्टिकर आहे, पण शेवटी शून्य आहे की ओ, कळत नाहीये. त्यावर ड्रिलची धूळ बसलीय.

ए-५०३: शून्य निघालं. फायरवॉल (राउटरची सुरक्षा) ‘हाय’वर आहे. आयपीसेक पासथ्रूची खूण काढलेली आहे.

डी-६०१: खूण करा, म्हणजे राउटर अशा व्हीपीएनला वाट देईल; फायरवॉल ‘मीडियम’ करा. पूर्ण बंद नका करू. सेव्ह केल्यावर राउटर आपोआप रीस्टार्ट होईल.

बी-२०१: तेच सांगत होतो.

ए-५०३: लागलं!! सहा चोवीस. दादा, खूप आभार. नोकरीचा प्रश्न होता हो.

सेक्रेटरी: चला, म्हणजे कंपनीची चूक नव्हती.

ए-५०३: साहेब, सेटिंग त्यांच्याच माणसाने ठेवली होती. बाकीच्या घरांतलीही बघायला लावा. घरून काम करणारे आपल्याकडे बरेच आहेत. मी आता कॉलला जाते.

सेक्रेटरी: उद्या फोन करतो.

ए-१०२: त्याच फोनमध्ये भोकाचंही सांगा.