एप्सम डर्बीला पहिल्यांदाच जातेय, फेव्हरिटवर लावू की ईच-वे करू?

घारी_मांजर:
मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाका. जूनच्या पहिल्या शनिवारी ऑफिसातल्या पाच-सहा जणांबरोबर एप्समला डर्बी, म्हणजे ती इंग्लंडातली घोड्यांची मोठी शर्यत, बघायला जायचं ठरलंय, स्टँडचं तिकीट काढणार नाही, ते हिल म्हणतात ना तिथे फुकटात उभं राहता येतं, तिथेच चादर टाकून बसणार. घोड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. प्रत्येकाने ४० पाउंड घेऊन यायचं, गेले तर गेले, असं ठरलंय, तेव्हा "जुगार खेळू नका" वगैरे लिहू नका प्लीज, ते आईने फोनवर सांगून झालंय.

आता घोळ असा आहे की एक जण छातीठोकपणे सांगतोय गिनीज नावाची रेस जिंकलेलाच घोडा घे, डोळे झाकून. दुसरी म्हणते फेव्हरिट (सगळ्यात कमी भावाचा, जिंकेल असं बहुतेकांना वाटतं तो) घेऊन काय दिवे लागणार, भाव मिळतच नाही. तिसरा नुसतं ईच-वे ईच-वे करतो, समजावून सांग म्हटलं की "अगं सेफ असतं ते" एवढंच. आणि अॅपवर एक घोडा आत्ता १६/१ ला (जिंकला तर एका पाउंडाला सोळा) दिसतोय जो म्हणे त्या दिवशी ८/१ होणार, तर आजच लावून टाकू का? नाव सांगत नाही, हसाल.

टाप_टाप:
ताई, आधी ईच-वेचं सांगतो कारण नवीन माणूस तिथेच फसतो. पाच पाउंड ईच-वे म्हणजे खिशातून दहा जातात, पाच विनचे, पाच प्लेसचे, दोन वेगळ्या बेट्स आहेत त्या. डर्बीत आठाच्या वर घोडे असतातच, तेव्हा नेहमीच्या अटींप्रमाणे पहिल्या तिघांना प्लेस आणि प्लेसचा भाव म्हणजे विनच्या भावाचा पाचवा हिस्सा. २०/१ चा घोडा घेतलात आणि तिसरा आला तर प्लेसला ४/१ पडतो, वीस आणि तुमचे पाच, हातात २५. जिंकला तर विनचे १०५ वेगळे, एकूण १३०. झकास. पण तेच तुम्ही २/१ च्या फेव्हरिटवर केलं आणि तो दुसरा आला तर प्लेसला पाचावर दोनच सुटतात, हातात ७. म्हणजे घोडा दुसरा आला म्हणून तुम्ही उड्या मारताय आणि प्रत्यक्षात तीन पाउंड गेलेत. ५/१ ला घोडा नुसता प्लेस झाला तर दहा दिले दहा आले. म्हणून माझा हिशोब सरळ आहे, ५/१ च्या आतला असेल तर विन लावा नाहीतर सोडून द्या, ईच-वे करायचं ते लांबच्या भावावर. तुमच्या त्या "सेफ असतं" वाल्याला हे विचारा एकदा.

आता घोडा कसा निवडायचा. फ्लॅट रेस ऐकून लोकांना वाटतं ट्रॅक सपाट असेल, फ्लॅट म्हणजे फक्त मध्ये उड्या मारायचे अडथळे नाहीत एवढंच. एप्सम तर अजिबातच सपाट नाही. दीड मैलाची रेस, सुटल्या सुटल्या चढ, सुमारे ४० मीटर वर चढतात, मग उतार आणि उतारावरच डावीकडे वळण, टॅटनहॅम कॉर्नर, आणि पुढची सरळ पट्टी पण आतल्या रेलिंगकडे कललेली, दमलेला घोडा आपोआप आत ओढला जातो आणि जॉकीने ते सावरत बसायचं. ही पोरं तीन वर्षांची, त्यातल्या बऱ्याच जणांनी दीड मैल जन्मात पळलेला नसतो, असला उतार तर नाहीच. त्यामुळे सगळ्यात वेगवान कोण हे बघण्यापेक्षा दम कुणाचा टिकेल आणि उतारावर पाय कुणाचे जुळतील ते बघायचं. दमासाठी लोक खानदान बघतात, २०२५ ला लॅम्बोर्न जिंकला त्याचा बाप ऑस्ट्रेलिया २०१४ चा डर्बी विजेता, आजोबा गॅलिलिओ २००१ चा, आणि ऑस्ट्रेलियाच्या आईने २००४ मध्ये ह्याच ट्रॅकवर ओक्स, म्हणजे फक्त घोड्यांच्या माद्यांची रेस, जिंकलेली. आपल्याकडे स्थळ बघताना पण एवढं खोदत नाहीत.

खोगीरभरती:
आजच लावू का, ह्यावर माझं रडगाणं ऐका. काही वर्षांपूर्वी मार्चमध्येच एक घोडा हेरला, भाव २५/१, लावले २० पाउंड, आणि मे महिनाभर भाव खाली येताना बघून स्वतःवर खूश, मित्रांना स्क्रीनशॉट पाठवतोय. रेसच्या आठवड्यात घोडा लंगडला, आलाच नाही. मला वाटलं पैसे परत येतील, कस्टमर केअरला मेल पण टाकला, उत्तर आलं की अँटी-पोस्ट (फायनल यादी लागायच्या आधी लावलेली) बेट आहे, घोडा पळाला नाही तर पैसे गेले, अटी वाचा. अटीत होतंच, मीच वाचलं नव्हतं. बेट लावताना तिथे 'नॉन-रनर नो बेट' लिहिलंय का बघा, लिहिलं असेल तर घोडा न आल्यास पैसे परत, नसेल तर तो जास्तीचा भाव कशाचा मिळतोय हे समजून घ्या, तो ह्याच धोक्याचा असतो.

आणि उलट बाजू पण आहे. फायनल यादी लागल्यावर भाव घेतला आणि नंतर दुसराच कुणी मोठा घोडा काढून घेतला, तर 'रूल फोर' लागतो, म्हणजे तुम्ही जिंकलात तरी जिंकलेल्या पैशातून कापतात. ३/१ चा घोडा गेला तर पाउंडामागे २५ पेन्स, १०/१ ते १४/१ चा गेला तर ५ पेन्स, त्याहून लांबचा गेला तर काही नाही. लोक काउंटरवर भांडतात की मला कमी का दिलं, त्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

आकडेमोड्या:
गिनीजवाल्या मित्राबद्दल. गिनीज आणि डर्बी दोन्ही जिंकणारा शेवटचा घोडा कॅमेलॉट, २०१२. त्याच्या आधी सी द स्टार्स २००९. म्हणजे होतं, पण डोळे झाकून घेण्याइतकं होत नाही. गिनीज एक मैलाची, न्यूमार्केटच्या सरळ पट्टीवर, इथे दीड मैल आणि वर टाप_टापनी सांगितलेला तो सगळा डोंगर, परीक्षाच वेगळी आहे. २०२५ चा गिनीज विजेता रूलिंग कोर्ट तर डर्बीच्या दिवशीच पाऊस पडला म्हणून काढून घेतला (खोगीरभरतींचा रूल फोर आठवा).

त्याहून गंमत म्हणजे गिनीजमध्ये आपटलेले घोडे डर्बी मारून जातात. ऑगस्ट रोडिन २०२३ ला गिनीजमध्ये बारावा, सिटी ऑफ ट्रॉय २०२४ ला नववा, आणि महिन्याभराने दोघेही डर्बी विजेते. सिटी ऑफ ट्रॉय तर एक नंबरच्या स्टॉलमधून, म्हणजे सगळ्यात आतल्या खणातून, सुटला होता, जिथून सुटणं एप्समला नकोसं मानतात. त्यामुळे एक रेस वाईट गेली की घोडा बाद, असं करू नका, का वाईट गेली ते वाचा.

दुसरं, दोन्ही घोडे एडन ओब्रायनचे. हा माणूस ११ डर्बी जिंकलाय, दुसऱ्या कुठल्याच ट्रेनरच्या एवढ्या नाहीत. पण त्याच्याकडून एका रेसला चार-चार पाच-पाच घोडे येतात आणि पब्लिक फक्त त्याचा मुख्य जॉकी रायन मूर बसतो त्याच्यावर पैसे ओतते. २०१७ ला मूर दुसऱ्या घोड्यावर होता आणि विंग्ज ऑफ ईगल्स ४०/१ ला जिंकला. २०२० ला सर्पेंटाइन, २५/१, तेव्हाही मूर दुसऱ्यावर. २०२५ ला मूर फेव्हरिट डेलाक्रॉवर, तो नववा आला आणि जिंकला लॅम्बोर्न, तोही चेस्टर व्हाझ ही डर्बीआधीची तयारीची रेस जिंकून आलेला, म्हणजे अगदीच अनोळखी नाही. तुमच्या ईच-वेच्या दहा पाउंडांसाठी मी त्या तबेल्याचा दुसरा-तिसरा घोडा बघेन.

फेव्हरिट घ्यायचाच नाही हे पण चूक. शेरगार १९८१ ला १०/११ ला होता, दहा लेंग्थने (दहा घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने) जिंकला, तेव्हा लावणाऱ्यांनी चूक केली का? फेव्हरिट चांगला का वाईट हा प्रश्नच नाही, भाव बरोबर आहे का हा प्रश्न आहे. २/१ म्हणजे बुकी म्हणतोय तीनात एकदा जिंकेल, ४/१ म्हणजे पाचात एकदा, ९/१ म्हणजे दहात एकदा. असं सगळ्या घोड्यांचं टक्क्यात मांडून बेरीज करा, शंभराच्या वर जाईल, तो वरचा भाग बुकीचं घर चालवतो.

घारी_मांजर:
बाप रे, एवढं! धन्यवाद सगळ्यांना, वाचनखूण साठवली. ते २/१ वर ईच-वे करून सात पाउंड हातात येतात हे ऑफिसात सांगितलं तर "सेफ" वाला गप्पच झाला, मग म्हणतो "मला माहीत होतं". अजून एक शंका, तिथे हिलवर बुकी छत्री लावून उभे असतात त्यांच्याकडे लावायचं की टोटवर? आणि तो माझा १६/१ वाला (अजून नाव सांगत नाही) नॉन-रनर नो बेट नाहीये, आत्ताच बघितलं.

टाप_टाप:
मग त्याला आज हात लावू नका, आठवडाभर आधी बघू, १६ चे १० झाले तरी चालतील पण घोडा तरी उभा असेल.

बुकीकडे लावलंत तर त्या क्षणी बोर्डवर जो भाव आहे तो तुमचा, तिकिटावर छापून येतो, घोड्याचं नाव आणि रक्कम तिथल्या तिथे वाचा, मागे रांग असते आणि लोक गडबडीत भलत्याच घोड्याचं तिकीट घेऊन जातात. ईच-वेच्या अटी बोर्डवर लिहिलेल्या असतात, दोन-चार बोर्ड बघत फिरा, एकाकडे १० असतो तर शेजाऱ्याकडे १२, कुणी चौथ्या नंबरालाही प्लेस देतो. टोटचं वेगळं आहे, सगळ्यांचे पैसे एका हंड्यात जातात, त्यातून त्यांचा वाटा काढून उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात, त्यामुळे काय मिळणार ते रेस झाल्यावरच कळतं. नुसती प्लेस खेळायची असेल तर टोट सोपा पडतो. पहिल्यांदा जाताय तर बुकीकडे जाच, ती मजा अॅपवर नाही.

वाचनमात्र_पण_आज_लिहितो:
अवांतर आहे, पण भाव-भाव चाललंय म्हणून. १७८० पासून चाललेल्या ह्या रेसमध्ये १००/१ वाले फक्त तिघे जिंकलेत, जेडाह १८९८, सिनोरिनेटा १९०८ (ही घोडी हो!) आणि अबोयर १९१३. तो अबोयर पण दुसराच आला होता, पहिला आलेला फेव्हरिट क्रॅगनूर चौकशी करून बाद केला म्हणून ह्याला मिळाली. त्याच रेसमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी एमिली डेव्हिसन राजाच्या घोड्यासमोर आली आणि चार दिवसांनी वारली. तेव्हा १००/१ वर लावणार असाल तर ताई, शंभरेक वर्षं कुणाला मिळालेलं नाही एवढं लक्षात असू द्या.

खोगीरभरती:
ताईंचा १६/१ आहे हो, १००/१ नाही. पण ताई नाव सांगा आता, आम्ही पण एकेक पाउंड लावतो.

घारी_मांजर:
नाही सांगणार, तुम्ही सगळ्यांनी लावलं की भाव उतरेल. ४० पैकी दहा ह्याच्यावर पाच-पाच ईच-वे, दहा त्या तबेल्याच्या दुसऱ्या घोड्यावर तसेच, दहा फेव्हरिटवर सरळ विन (भाव पटला तर, नाहीतर नाही) आणि उरलेले दहा आईसक्रीम आणि परतीच्या ट्रेनला. संध्याकाळी इथेच येऊन सांगते.