डांगर म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: जाऊबाई नागपूरच्या. परवा फोनवर म्हणाल्या, "उन्हाळा लागलाय, डांगर खात जा, गार असतं." आम्ही नाशिकचे, आमच्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा. तो कच्चा कसा खायचा? की हा शब्दच वेगळा आहे?

नागपूरकर: जाऊबाईंचं बरोबर आहे. विदर्भात डांगर म्हणजे खरबूज. नदीचं पाणी ओसरलं की रेतीत डांगरवाड्या लागतात. शिवाय आमचं टरबूज म्हणजे तुमचं कलिंगड. आणि लाल भोपळ्याला आम्ही कोहळं म्हणतो. गूळ घालून कोहळ्याची बोंडं खाल्ली नसतील तर आधी ती खा, चर्चा नंतर.

पुणेकर: मला तर डांगर म्हटलं की ताटाची डावी बाजूच आठवते. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवायचं, त्यात बारीक चिरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची, वरून हिंगाची फोडणी. पापडासाठी कुटून मऊ केलेला गोळा, तेही डांगरच. वेलाशी काही संबंध नाही.

दापोलीकर: नागपूरकर, लाल भोपळ्याला कोहळं म्हणालात तर इकडे घोटाळा होईल. आमचा कोहळा वेगळा. वरून पांढरी भुकटी असते, हाताला लागते. आत पांढरा गर. वास्तुशांतीला दारावर टांगतात तो. आग्र्याचा पेठा याचाच.

मिरजकर: जुना कोहळा तोच. लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला, म्हणजे १४९२ च्या आधी इकडे असणं शक्य नाही. संस्कृत ग्रंथांतलं कूष्मांड हा पांढरा कोहळाच. विदर्भाने नव्या फळाला जुनं नाव दिलं, बाकीच्यांनी 'भोपळा' दिलं. भोपळाही मूळचा याचा नव्हे, दुध्याचा. वाळवलेला दुध्या भोपळा कमरेला बांधून पोरं विहिरीत पोहायला शिकायची, ती लाल भोपळा बांधून नव्हे. आमच्या गावात तंबोऱ्याला लागतो तो भोपळाही दुध्याच्याच जातीचा, फक्त कडू आणि जाड सालीचा. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. त्यालाच तुंबा म्हणतात, आणि 'तुंबडी भरणे'मधली तुंबडी त्याचीच लेक. पुढे लाल भोपळा घरोघरी झाला आणि दुध्याच्या नावातला भोपळा गळून नुसता 'दुधी' उरला.

पुणेकर: मग परीक्षेत मिळतो तो भोपळा कोणता?

मिरजकर: ज्याला मिळाला त्याला विचारा.

प्रश्नकर्ती: सगळ्यांचे आभार. जाऊबाईंना खरबूज आणल्याचं कळवते. जाता जाता, गिलकं आणि घोसाळं एकच ना?

दापोलीकर: एकच. आमच्याकडे पारोसं. शिरा असतात ते दोडकं, त्याला आम्ही शिराळं म्हणतो. त्या शिरा टाकू नका, तीळ-खोबरं घालून चटणी करा.