मदत हवी आहे: तीन कॉपींचं स्टेट मशीन सिम्युलेशनला चालतं, सिंथेसिसनंतर दोन कॉपी गायब

नमस्कार मंडळी. बीई इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज बेळगावात, घर खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता वर्गात इंग्रजी आणि लॅबमध्ये कानडी. सगळं समजतं, पण अडलं की मराठीतच विचार सुरू होतो, म्हणून इथं लिहितोय.

प्रोजेक्ट असा: रेडिएशनमुळं एखादं बिट उलटलं तरी न चुकणारं कंट्रोल सर्किट एफपीजीएवर (आतलं सर्किट आपल्याला हवं तसं जोडता येणारी चिप) करायचं. "तुला कुठं अवकाशात जायचंय?" असं घरापासून लॅबपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. हा नुसता उपग्रहांचा प्रश्न नाही. १९७८ मध्ये इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी दाखवून दिलं की मेमरी चिपच्या पॅकेजमध्येच युरेनियम-थोरियमचे अंश असतात आणि त्यांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. शिवाय वैश्विक किरणांमुळं वातावरणात तयार होणारे न्यूट्रॉन जमिनीपर्यंत पोचतातच. चिप जळत नाही, ० चा १ होतो एवढंच. पण ते बिट स्टेट रजिस्टरमधलं, म्हणजे सर्किट कुठल्या टप्प्यावर आहे ते साठवणाऱ्या जागेतलं असेल तर पुढचं सगळं चुकतं.

माझं स्टेट मशीन (ठरलेल्या स्टेट, म्हणजे अवस्था, एकामागून एक घेत जाणारं सर्किट) साधं आहे. ५ स्टेट, ००० पासून १०० पर्यंत, कुठं न थांबता गोल फिरतं आणि सेन्सर वाचतं. त्याच्या ए, बी, सी अशा तीन कॉपी केल्या आणि आउटपुटला बहुमताचा व्होटर लावला. अडचणी दोन.

पहिली: ३ बिट गुणिले ३, म्हणजे ९ फ्लिपफ्लॉप (एकेक बिट साठवणारे घटक) दिसायला हवेत. सिंथेसिस (कोडचं खऱ्या सर्किटमध्ये रूपांतर) झाल्यावरच्या रिपोर्टमध्ये फक्त ३ आहेत. सिम्युलेशनला मात्र तिन्ही कॉपी दिसतात.

दुसरीनं दोन रात्री झोप उडवलीय. सिम्युलेशनमध्ये बी ००० वर असताना तिचं शेवटचं बिट उलटवलं, ती एक पाऊल पुढं गेली. आउटपुट बरोबरच राहिलं, आनंद झाला. मग बऱ्याच वेळानं सी ०११ वर असताना तिचं मधलं बिट उलटवलं. क्लॉकच्या तीन ठोक्यांनंतर वेव्हफॉर्मवर (सिग्नलांच्या आलेखावर) हे दिसलं: ए ००१, बी ०१०, सी १००, आणि व्होटर म्हणतोय ०००. तिघांपैकी एकीनंही ००० म्हटलेलं नाही! बिटवार, म्हणजे प्रत्येक जागेच्या बिटाचं वेगळं बहुमत घेतलं की असंच येणार हे कागदावर करून पाहिलं, गणित बरोबर आहे. मग चूक नेमकी कुठं आहे? लॅब ५ ला बंद होते आणि नंतर गावाकडची बस धरावी लागते, त्यामुळं प्रयोगाला वेळ कमी मिळतो. जाणकारांनी वाट दाखवावी.

प्रतिसाद

मी निपाणीची, सध्या बंगळुरात चिप डिझाइनमध्ये काम करते. आधी सांगते, प्रश्न फार चांगला मांडलायस. आकडे दिलेस म्हणून लगेच कळलं.

पहिल्याचं कारण: सिंथेसिसच्या टूलला तुझ्या तिन्ही कॉपी एकसारख्या दिसतात. तेच इनपुट, तेच लॉजिक. त्याच्या हिशेबी ती उधळपट्टी, म्हणून त्यानं तिन्ही रजिस्टर एकात मिसळले. तुझं सिम्युलेशन मूळ व्हेरिलॉग कोडवर चाललं, तिथं टूलचा हात लागलेलाच नव्हता. तिन्ही रजिस्टरांवर 'डोन्ट टच' ॲट्रिब्यूट (टूलला 'हात लावू नको' सांगणारी खूण) लाव, कॉपी वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेव आणि टूलला ती मॉड्यूल सपाट, म्हणजे एकात विलीन, करू देऊ नकोस. मग सिंथेसिसनंतरच्या नेटलिस्टवर (टूलनं बनवलेल्या सर्किटच्या जोडण्यांची यादी) पुन्हा बिट उलटवून बघ. तिथं टिकलं तरच खरं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. भावकीच्या वादात पंचांनी निकाल द्यावा आणि तो भावांनाच कळू नये, तसं झालंय. व्होटरनं बी चुकली हे ओळखलं, पण बीला ते सांगितलंच नाही. ती स्वतःच्याच चुकीच्या स्टेटवरून पुढची स्टेट काढत राहिली. तुझं मशीन कुठं थांबत नाही, त्यामुळं ती परत रांगेत येणारच नव्हती. त्या क्षणापासून तुझ्याकडं दोनच भरवशाच्या कॉपी होत्या. दुसरा कण आला आणि बहुमतच मोडलं.

व्होटर फेऱ्याच्या आत घे. प्रत्येक कॉपीनं पुढची स्टेट स्वतःच्या रजिस्टरवरून नाही, तर व्होट झालेल्या स्टेटवरून काढायची. मग उलटलेलं बिट पुढच्याच क्लॉकला दुरुस्त होतं. आणि व्होटरही तीन कर, प्रत्येक कॉपीला आपला. एकच ठेवलास तर त्याच्यावर आलेला झटका तिन्ही कॉपींत एकदम शिरेल.

प्रतिसाद

वरच्या उत्तराला एक जोड. एफपीजीए एसरॅम प्रकारच्या मेमरीवर चालणारा असेल तर लुकअप टेबल (लॉजिकचे तक्ते) आणि जोडण्यासुद्धा मेमरीच्या बिटांत लिहिलेल्या असतात. तिथलं बिट उलटलं तर सर्किटच बदलतं, आणि ती कॉपी दर क्लॉकला चुकत राहते. व्होट कॉपींना परत देणारा फीडबॅक तिथं पुरत नाही, कॉन्फिगरेशन (त्या मेमरीतला मजकूर) ठराविक वेळानं परत लिहावं लागतं. त्याला स्क्रबिंग म्हणतात. व्होटर हे सगळं झाकून टाकतो, म्हणून प्रत्येक कॉपीची व्होटशी तुलना करून एक काउंटर ठेवा. आकडा थांबता थांबत नसेल तर बिघाड रजिस्टरमध्ये नाही, कॉन्फिगरेशनमध्ये आहे.

धागाकर्ता

ताई, दादा, मनापासून आभार. आज लॅब उघडताच बसलो. ९ फ्लिपफ्लॉप आले! नेटलिस्टवर तोच प्रयोग केला: बी ००० ची ००१ झाली आणि पुढच्या क्लॉकला तिन्ही कॉपी ००१ वर एकत्र. मग सी उलटवली, तीही लगेच सावरली. वेव्हफॉर्मचा फोटो काढून ठेवलाय. लॉजिक तिपटीहून जास्त झालं, तेवढं चालेल. काउंटर उद्या लावतो. एकच विचारायचं राहिलं, रीसेट (मशीन सुरुवातीच्या स्टेटला नेणारा सिग्नल) तिन्ही कॉपींना एकच आहे. तो पण तीन करू का?

प्रतिसाद

हो, कर. आणि असिंक्रोनस (क्लॉकची वाट न बघणारा) असेल तर सिंक्रोनस (क्लॉकबरोबरच चालणारा) कर. असिंक्रोनस रीसेटच्या तारेवर क्षणभराचा झटका आला तरी रजिस्टर पुसलं जातं. सिंक्रोनसमध्ये तो नेमका क्लॉकच्या कडेला पडला तरच लागतो. क्लॉक तीन करायला जागा नसेल तर एकच राहू दे, पण रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिही. एक्स्टर्नल परीक्षक तेच पहिलं विचारतील.