आईचा कान वाहतोय, व्हिनेगरचं पाणी करून किती दिवस ठेवता येतं?

नमस्कार. आई ६८ वर्षांची, कोकणात गावी असते. उजवा कान लहानपणापासून फुटलेला, पडद्याला भोक आहे. दर पावसाळ्यात वाहतो, पण यंदा दोन महिने झाले तरी थांबेना. पू तपासला तर स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचे थेंब दिलेत. त्याआधी कान धुवायला व्हिनेगर आणि उकळून गार केलेलं पाणी समसमान घ्या म्हणाले. बाटलीतलं व्हिनेगर चार टक्क्यांचं, म्हणजे मिसळून दोन टक्के. आंबट पाण्यात हा जंतू तग धरत नाही.

परवा गावी गेले तर आईने खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत ते भरपूर करून ठेवलेलं. हलवली तर पांढरे तंतू वर आले! सतरा दिवस तेच वापरत होती, ड्रॉपर कानाला टेकवून पुन्हा बाटलीत. फ्रिजमधलं थंडगार तसंच घातलं तेव्हा तिला गरगरलं, भिंत धरून खाली बसली. ऐकूनच धस्स झालं.

रोज नवीन करायचं का? विहिरीचं पाणी पावसात गढूळ येतं, ते उकळून चालेल का? शेजारच्या काकू लसणाचं तेल घाला म्हणतात, त्याला मी साफ नाही म्हटलंय. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी कान-नाक-घशाच्या ओपीडीत सिस्टर आहे. ती बाटली आणि ड्रॉपर आजच फेकून द्या. पातळ केलेलं व्हिनेगर साठवू नका, एका वेळेपुरतं करा. उकळलेल्या वाटीत एक चमचा व्हिनेगर, एक चमचा पाणी, उरलेलं ओतून टाकायचं. गढूळ पाणी नकोच, प्यायचं पाणी खळखळ उकळून झाकून गार करा. न मिसळलेलं व्हिनेगर घट्ट बूच लावून कपाटात राहतं. वाटी तळहातावर धरून कोमट होऊ द्या, गार पाण्यानेच चक्कर येते.

धुतल्यावर टिशूची वात करून कान टिपा, वात कोरडी निघेपर्यंत. ओल्या कानात थेंब वाया जातात. स्पिरिट किंवा क्लोरहेक्सिडिन (जखम धुवायचं जंतुनाशक) अजिबात नको, भोकातून आत गेलं तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. फार झोंबलं तर थांबवून डॉक्टरांना फोन करा. कानामागे सूज, तोंड वाकडं किंवा न थांबणारी चक्कर असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

थेंबांच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. महिन्याने ती टाकायची, उरली असली तरी.