कोचीला जहाज लागल्यावर कुठं जायचं (घरच्या ग्रुपवर)

ताई: सगळ्यांनी नीट वाचा. मुंबईहून निघालेलं आपलं जहाज शनिवारी सकाळी ७ ला कोचीला लागतं आणि दुपारी ४:३० ला सगळे परत आत पाहिजेत. कागदावर साडेनऊ तास दिसायलेत पण तेवढे मिळत नसतात, कारण गटागटानं उतरवतात, आधी जहाजाच्या टूरवाल्यांना सोडतात मग बाकीच्यांना, म्हणजे आपण सव्वाआठला बाहेर धरा. परत येताना गेटवर कार्ड, ओळखपत्र, पिशव्या मशीनमधून, त्यासाठी साडेतीनला बंदरात. हातात राहिले सात तास. त्यात काय करायचं ते उद्या रात्रीपर्यंत ठरवा, जहाजाच्या टूरच्या सीटा भरायलेत.

पिंटू: हाउसबोट!!

गुड्डी: हाउसबोट

वहिनी: मला फोर्ट कोची आणि मट्टनचेरी बघायचंय. मासे धरायची चिनी जाळी, जुना राजवाडा, मसाल्याची गल्ली. बंदरापासून जवळ आहे म्हणतात, उगंच गाडीत बसून दिवस घालवायचा नाही.

दादा: माझं मत जहाजाचीच टूर घ्या. कोणतीही घ्या पण त्यांचीच. त्यांची बस अडकली तर जहाज थांबतं, आपण स्वतःची गाडी करून अडकलो तर थांबत नाही, आणि पुढचं बंदर आपल्याला स्वतःच्या पैशानं गाठावं लागंल. सोबत म्हातारं माणूस आहे, लेकरं आहेत.

माई (नांदेड): पण दादा त्यांचे पैसे डोक्यामागं लावतात, आपण एवढे सगळे, त्यात दोन टेम्पो ट्रॅव्हलर होतील. आणि काहीही ठरवा, सगळे मिळून जाऊ बाई. एकत्र फिरायचं म्हणून तर निघालो, तिथं जाऊन चार दिशेला जायचं तर कशाला.

गुड्डी: आजीचा (आक्काचा) आवाजातला मेसेज आलाय, कोणाला नीट ऐकू येत नसंल म्हणून मी टाईप करते. आजी म्हणतीये की मला बोटीत बसवू नका, दोन रात्री पाण्यावरच हाओत की, अजून बोट कशाला. मला कालडीला न्या. शंकराचार्यांचं जन्मगाव ते. संन्यास घेताना त्यांनी आईला शब्द दिला होता की तुझ्या शेवटच्या वेळेला मी येईन, आणि आले. संन्याशानं क्रिया करायची नसते म्हणून भाऊबंद कुणी हात लावंना, तर एकट्यानं सगळं केलं. त्या माउलीची समाधी हाय तिथं. देऊळ राहिलं तरी चालंल, मला ती समाधी बघायचीय. बास, एवढंच आहे मेसेजमधे.

ताई: आक्का, बघते मी सगळं.

नाना: आता माझं बी ऐका. मला अलप्पुळ्याकडचं कुट्टनाड बघायचंय. हाउसबोटीत बसून भजे खायला नाही. तिकडं भातशेती समुद्राच्या पातळीच्या खाली करतेत, चारी बाजूनं बांध आणि बांधाच्या पलीकडं पाणी उंच, रान खाली. पावसाळ्यात रानं पाण्याखाली जातेत, मग पाणी उपसून बाहेर टाकायचं आणि मग पेरायचं. गेल्या साली सप्टेंबरात आपल्याकडं काय झालं सगळ्यांना माहिती हाय, वढ्याकडची सगळी सोयाबीन पाण्यात उभी होती, शेंगातून कोंब आले, पाणी काढायला वाट नाही, वाट काढली तर शेजाऱ्याच्या रानात जातंय आणि भांडण. आपल्याला पाणी आणायचं माहिती हाय, पाणी काढायचं आपल्याला कोणीच शिकवलं नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते बी आपणच बघितलं आणि हे बी बघितलं. म्हणून मला तिथं बांधावर उभं राहून बघायचंय ते लोक काय करतेत. परत कोण जायलंय केरळला.

ताई: नाना, हे आधी कामून नाही बोललात?

नाना: तुम्ही विचारलं नाही अन् मी म्हणलो नाही

भाऊजी: नाना अगदी बरोबर बोलले, आणि योग बी चांगला आहे. तिकडचं मुख्य पीक पुंजा म्हणतात, ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात आणि मार्च-एप्रिलला काढतात. म्हणजे आपण दिवाळीनंतर जातो तेव्हा पाणी उपसणं नाहीतर पेरणी हेच चालू असणार. अख्खा एक पट्टा मिळून शेती असते त्याला पाडशेखरम म्हणतात, पट्ट्यातले सगळे शेतकरी मिळून एकदमच पाणी उपसतात, एकट्यादुकट्याचं काम नाही ते. जुना पंप लाकडी पेटीतला असतो, पेट्टी आणि परा म्हणतात, तो बांधावरच बसवलेला असतो, आतलं पाणी उचलून बाहेरच्या कालव्यात फेकतो. २०१३ ला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं ह्या शेतीला वारसा म्हणून मान्यता दिली.

पण एक अडचण सांगतो, मी शाळेतल्या मास्तर लोकांसोबत गेलो होतो तेव्हाचं. हाउसबोट मोठी असते, ती मोठ्या पाण्यातच फिरते, वेंबनाड तळ्यात आणि रुंद कालव्यात. बांधाच्या कडेनं, घरांच्या मधून जाणारे जे बारके कालवे आहेत त्यात ती शिरत नाही. तिथं शिकारा लागतो, छोटी छताची बोट, तासावर मिळते. शेती बघायची तर शिकाराच. नाहीतर अलप्पुळाच्या धक्क्यावरून सरकारी जलवाहतूक खात्याची बोट सुटते, गावातले लोक, शाळेची पोरं, भाजीवाल्या सगळे त्यातनं जातात, तिकीट एकदम कमी, पण ती आपल्या घड्याळावर चालत नाही म्हणून त्या दिवशी तिचा भरवसा नको.

पिंटू: शिकारा पण चालंल मला, फक्त बोट पाहिजे

दादा: अलप्पुळा बंदरापासून पन्नास-पंचावन्न किमी आहे, दीड-दोन तास एका बाजूचे. कालडी किती?

ताई: पंचेचाळीसेक किमी, पण उत्तरेला, आलुव्याकडून. अलप्पुळा दक्षिणेला. बंदर मधोमध. म्हणजे दोन्ही एका दिवसात करतो असं कोणी म्हणू पण नका, मी नकाशा उघडून सगळ्या बाजूनं बघितलं, नाही होत. आणि कालडीचं अजून एक, केरळातली बहुतेक देवळं दुपारी बंद होतात, बाराच्या आसपास बंद झाली की चार-पाचला उघडतात आणि चारला तर आपण जहाजाच्या रांगेत. म्हणून कालडी जायचं तर सकाळी पहिलं तेच. सव्वाआठला निघालो तर दहाच्या आत पोचतो.

माई: मग सगळेच कालडीला जाऊ. आक्काचं मन राहील.

वहिनी: माई, मला आक्कांचं मन मोडायचं नाही पण नानांनी आजपर्यंत कुठंच स्वतःहून जायचंय म्हणलेलं नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिरुपतीला गेलो तर हे गाडीत, शिर्डीला गेलो तर हे पार्किंगमधे गाडीपाशी. पहिल्यांदा माणूस म्हणायलाय मला अमुक बघायचंय. ते सोडायचं नाही.

दादा: बरोबर आहे वहिनी.

माई: अगं मी नानाला नको म्हणत नाही. मला एवढंच वाटतं की फोटोत सगळे एकत्र पाहिजेत.

ताई: माई, एकत्र आपण जहाजावर आहोतच, सकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण, डेकवर, सगळं एकत्र. शुक्रवार तर पूर्ण समुद्रात आहे, उतरायला गावच नाही. कोचीचे सात तास हे एकत्र बसायचे नाहीत, बघायचे आहेत. सगळ्यांना एकाच गाडीत घातलं तर काय होतं ते आपल्याला माहिती आहे, आक्काच्या गुडघ्यामुळं लेकरं थांबतात, लेकरांच्या भुकेमुळं आक्का थांबते, आणि शेवटी सगळे कुठंतरी मधेच सरबत पिऊन परत येतात. मी तर म्हणते दोन गट पाडा. ज्याला ज्याची ओढ आहे तो तिकडं. आणि एका गटात जो सगळ्यात हळू चालतो त्याच्या चालीनं त्या गटाचा बेत करा, म्हणजे कोणी कोणाला ओढत नाही.

गुड्डी: आजीचा परत मेसेज. म्हणतीये नान्याला त्याची शेती बघू द्या. टँकरच्या मागं हंडे घेऊन पळालेलं लेकरू हाय ते, पाण्यातली शेती बघू द्या त्याला. मला कोणीतरी एकीनं धरून न्या म्हणजे झालं.

नाना: आक्का तू म्हणलीस तर मी कालडीलाच येतो

गुड्डी: आजी म्हणतीये नाही. तू येऊ नको. येऊन तू मला तिथला पंप सांगशील.

भाऊजी: नाना, ठरलं, तुम्ही आणि मी अलप्पुळा. मला परत बघायला आवडंल.

दादा: ठीक आहे, दोन गट मान्य. पण अलप्पुळ्याला जहाजाची टूर की आपली गाडी? मी अजून सांगतो, उशीर झाला तर जहाज थांबणार नाही.

भाऊजी: जहाजाच्या टूरमधे हाउसबोट आणि जेवण आहे, दीड तास बोट, जेवण त्यातच. नानांना जे बघायचं ते त्यात दिसणार नाही, लांबून बांध दिसंल फक्त. आपली गाडी करू, पण घड्याळ मी धरतो. दहाला बोटीत, साडेबाराला बोटीतून बाहेर, जेवायला अर्धा तास, एकला गाडी हलली पाहिजे म्हणजे हलली पाहिजे. दोन तास रस्त्याला धरले तरी तीनला बंदरात. आणि दिवाळीनंतर तिकडं परतीचा पाऊस असतो, तुलावर्षम म्हणतात, सकाळ निरभ्र आणि दुपारनंतर ढग येऊन कडकडाट. त्या हिशोबानं बी बोट सकाळीच पाहिजे, विजा चालू झाल्या की उघड्या पाण्यात थांबायचं नाही.

दादा: एक वाजता गाडी हलणार असंल तर मला मान्य. पिंटू-गुड्डीला घेऊन मी पण येतो मग, दोन लेकरं आहेत तर मी सोबत पाहिजे.

पिंटू: येस्स

वहिनी: मी आक्कांसोबत कालडीला. ताई तुम्ही पण या. कालडीहून साडेअकराला निघालो तर दोनच्या आत फोर्ट कोची होतंय ना? ते तर बंदराजवळच.

ताई: होतंय. ज्या बेटावर जहाज लागतं ते विलिंग्डन बेटच मुळात बंदर खोल करताना उपसलेल्या गाळावर उभं केलंय, आणि फोर्ट कोची तिथून पूल ओलांडला की आलं. जाळी बघू, सेंट फ्रान्सिस चर्च बघू. १५२४ ला वास्को द गामा कोचीतच वारला, त्याच चर्चमधे पुरला होता, १५३९ ला पोर्तुगालला नेलं, जागा अजून दाखवतात. राजवाड्यात रामायणाची भित्तिचित्रं आहेत, आक्काला ती दाखवायचीच, भिंती भरून रामायण आहे. तो शुक्रवारी बंद असतो, आपण शनिवारी आहोत, चालू. फक्त ज्यूंचं प्रार्थनाघर शनिवारी बंद असतं, १५६८ चं आहे ते, बाहेरूनच बघायचं. वहिनी तुमची मसाल्याची गल्ली त्याच्याच दारात आहे.

वहिनी: मिरे, वेलदोडे, जायपत्री. दोन किलो मिरे तर नक्की. सगळ्यांनी मला आत्ताच सांगा किती पाहिजेत, तिथं फोन लागंल न लागंल.

माई: मला पाव किलो वेलदोडे. आणि मी आक्काच्या गाडीत. दशम्या घेऊन येते गं मी आक्काला, बाहेरचं खात नाही ती.

ताई: माई, शिजवलेलं अन्न जहाजावर आत नेऊ देत नाहीत, तिकिटाच्या कागदात स्पष्ट लिहिलंय. दशम्या रेल्वेत मुंबईपर्यंत संपवायच्या. कालडीला शाकाहारी जेवण मिळतं, केळीच्या पानावर, भात तांबूस आणि जाड असतो एवढंच आक्काला आधी सांगून ठेव.

गुड्डी: आजी विचारतीये तिथं शर्ट काढायला लावतात का माणसांना

ताई: केरळातल्या बऱ्याच देवळांत पुरुषांना शर्ट काढून धोतर नेसून जावं लागतं. आपल्या गाडीत आता बायकाच आहेत त्यामुळं प्रश्न नाही, साड्याच नेसायच्या सगळ्यांनी. कालडीचं देऊळ शृंगेरी मठानं बांधलंय, १९१० ला प्रतिष्ठा झाली, शंकराचार्यांचं आणि शारदेचं देऊळ एकाच आवारात आणि आर्यांबेची, म्हणजे त्यांच्या आईची, समाधी तिथंच, म्हणजे आक्काला दोन जागी चढउतार नाही. नदीचा घाट मात्र पायऱ्यांचा आहे, लहानपणी शंकराचार्यांचा पाय मगरीनं धरला म्हणतात तो घाट. आक्का, घाट वरून बघायचा, खाली उतरायचं नाही. कबूल करा आत्ताच.

गुड्डी: आजी म्हणतीये पाणी डोक्याला लावायचंय

वहिनी: मी तांब्यात आणून देते वर. ह्यावर वाद नको.

गुड्डी: बरं म्हणतीये

ताई: जहाजातून उतरताना उतार असतो, त्यासाठी व्हीलचेअर आधी सांगून ठेवावी लागते. मी उद्या सकाळी सांगते. दादा, तू दोन गाड्या बघ, आक्कासाठी मोठी कार, अलप्पुळ्याला सहा-सात सीटर. ड्रायव्हरला जहाजाची वेळ स्पष्ट सांग, विलिंग्डन बेटाच्या कोणत्या गेटला थांबणार ते लिहून घे. आणि दोन्ही ड्रायव्हरचे नंबर दोन्ही गटांकडं पाहिजेत.

दादा: करतो. शिकाराचं भाऊजी तुम्ही बोला, आणि बोटवाल्याला म्हणा आम्हाला शेतीच्या बाजूचे कालवे दाखव, तळ्यात नको नेऊ. नाना, जमलं तर पंप चालू असलेल्या बांधावर उतरवायला सांगतो.

नाना: उतरलो तर पंधरा मिनिटं द्या मला. कोणी हाका मारू नका. तिथला माणूस भेटला तर इशाऱ्यानं का होईना विचारतो, बांध आतून कशानं बांधतेत, फुटला तर कोण भरतं, डिझेलचे पैसे एकराप्रमाणं घेतेत का सगळ्यांकडून सारखे. आपल्या वढ्याकडच्या आठ जणांना मी दिवाळीच्या आधीच बोलून ठेवलंय, आल्यावर बसू म्हणून.

भाऊजी: नाना, मी मोबाईलवर भाषांतर चालू ठेवतो, मल्याळम येतं त्यात. प्रश्न आधी लिहून द्या मला, रेंज गेली तरी पाहिजेत.

नाना: रात्री लिहून पाठवतो

ताई: शेवटचं, सगळ्यांचं मूळ ओळखपत्र लागतं, झेरॉक्स नाही. आक्काचं आधार कार्ड मागच्या वेळी बँकेत दिलं होतं ते परत आलं का? वहिनी, कपाटात वरच्या कप्प्यात बघा, नसंल तर मतदान कार्ड काढून ठेवा.

वहिनी: आधार आहे, माझ्या पर्समधेच टाकलंय आत्ता. ताई, मिऱ्यांचं दोन किलोचं तीन करा, शेजारच्या काकू पण म्हणायलेत.