विषय: उत्तर: फलकावरचं साल (आज रात्रीपर्यंत हवं!)

प्रेषक: सचिव
मजकूर उद्या सकाळी छपाईला जातोय. मसुद्यात "१९८६ पासून चालत आलेला व्हँकूवरचा ड्रॅगन बोट (ड्रॅगनच्या तोंडाची लांब चिनी वल्ह्यांची होडी) महोत्सव" आहे, ताई १९८९ म्हणतात. काय ते एकदा ठरवा. जागा चार ओळींची.

प्रेषक: फलक-ताई
दोन्ही सालं लागतील. १९८६ च्या इथल्या एक्स्पोला, म्हणजे जागतिक प्रदर्शनाला, हाँगकाँगहून सहा सागवानी होड्या आल्या. महोत्सव १९८९ पासून, शहरातल्या फॉल्स क्रीक खाडीत. "चालत आलेला" काढा, वाद मिटला. आणि मूळ चिनी सणाची तारीख म्हणून "५ मे" कुणी घुसडलं? पाचव्या चांद्रमासाची पाचवी तिथी ती. २०२५ ला ३१ मे, २०२६ ला १९ जून. इथे मात्र जूनमधला शनिवार-रविवार बघतात.

प्रेषक: सुकाणू-काका
मग १९७६ पण घाला. हाँगकाँगने नागासाकीचा संघ बोलावला आणि कोळ्यांची शर्यत आंतरराष्ट्रीय झाली. शिवाय चित्रात ढोलवाला पुढे तोंड करून बसलाय! त्याचं तोंड वल्हेकऱ्यांकडे असतं.

प्रेषक: संघनायक
काका, चित्राचं नंतर बघू. आधी बसण्याची यादी: २० जण, १० बाकं. यादीत जड माणसं सगळी पुढे आहेत, त्याने होडीचं नाक दबतं आणि सुकाणू ऐकत नाही. जड मंडळी ४ ते ७ बाकांवर, प्रत्येक बाकावर डावं-उजवं वजन जुळवून. पहिल्या बाकावर लय धरणारे. नवखे ढोल ऐकून वल्हं घालतात, ते उशिरा पडतं आणि पुढच्याच्या वल्ह्यावर आपटतं. नजर तिरकी, पुढच्या बाकाच्या दुसऱ्या बाजूच्या वल्ह्यावर.

प्रेषक: खजिनदार
ढोल ऐकायचाच नाही, तर ढोलवाल्याचा टी-शर्ट कशाला?

प्रेषक: संघनायक
नियमात लागतो. ठोका तो पहिल्या बाकाच्या वल्ह्यांवरून उचलतो, उलट नाही.

प्रेषक: फलक-ताई
१९९६ ची ओळ कुणी कापली? स्तनाच्या कर्करोगानंतर हातांना जोराचा व्यायाम दिला की सूज येते, असं तेव्हा मानत. डॉ. डॉन मॅकेन्झींनी त्या आजारातून गेलेल्या २४ जणींना होडीत बसवून ते खोटं ठरवलं. हे व्हँकूवरचं स्वतःचं, जाता कामा नये. कापायच्या तर "चिनी पातोळ्या" कापा, झोंगझी या सणाच्या पदार्थाला दिलेलं ते नाव चुकीचं आहे. पातोळीला तांदळाचं पीठ आणि हळदीचं पान; झोंगझीत अख्खा चिकट तांदूळ, बांबूच्या पानात दोऱ्याने बांधून तासन्‌तास उकडलेला.

प्रेषक: सचिव
१९७६, ८६, ८९, ९६. चार ओळी भरल्या. पातोळ्या उडवल्या.

प्रेषक: सुकाणू-काका
ढोलवाला फिरवला का?