सात किलो म्हणजे नेमके किती किलो?

गंगापूररोडकर
विमानात हातात न्यायच्या बॅगेबद्दल परवा इथेच एका महाशयांनी लिहिलं होतं: "सात किलो म्हणजे सात किलो. तिकीट काढताना वाचायचं नाही आणि गेटवर येऊन रडायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी लालपरीने जावं." त्याला लोकांनी भराभर अंगठे दिले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मला वाचता येतं. ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर, वजन ७ किलो, वर लॅपटॉपची पिशवी किंवा पर्स. पाठ आहे. मागच्या महिन्यात आम्ही दोघं दक्षिणेत फिरायला गेलो. निघताना घरच्या काट्यावर बॅग ६ किलो ८०० ग्रॅम भरली. जाताना कुणी बोट लावलं नाही. येताना काउंटरवर वजन झालं, ६.९, बाईंनी बॅगेला चिठ्ठीही बांधली. पाऊण तासाने गेटवर दुसऱ्या एकाने तीच बॅग दुसऱ्या काट्यावर ठेवली. ८.४! मध्ये मी फक्त एक कॉफी प्यायलो होतो, आणि ती बॅगेत नव्हती. चिठ्ठी दाखवली तर म्हणे, "सर, इथला काटा फायनल." मागे रांग, लोक बघतायत, बायको म्हणाली भरा आणि चला. भरले. पैशांचं एवढं नाही, पण त्या मुलाने माझ्याकडे चोरासारखं बघितलं ते अजून डोक्यातून जात नाही.

नियमाशी माझं भांडण नाही. दीड किलो आलं कुठून, एवढंच विचारतोय.

वेळेवर_निघा
ते महाशय मीच. काटा चुकला असेल तर तेव्हाच तक्रार करायची. घरी येऊन निबंध लिहिण्यात काय अर्थ आहे? तुमच्यासारखा एक प्रामाणिक असतो आणि त्याच्या मागे दहा जण अकरा किलोची बॅग 'सातच आहे हो' म्हणत रेटतात. मग मला माझी बॅग आठ रांगा मागे ठेवावी लागते आणि उतरताना उलट्या दिशेने पोहत जावं लागतं. त्याचा निबंध कोण लिहिणार?

आणि एसटीतही जास्त सामानाला लगेजचं तिकीट फाडतातच.

गंगापूररोडकर
फाडतात. पण कंडक्टर द्वारकेला एक वजन आणि सिन्नरला दुसरं सांगत नाही.

ओझरचे_काका
एचएएलमध्ये, म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यात, बत्तीस वर्षं काढली. मिग जोडले, सुखोई जोडले. वजन म्हणजे काय हे कृपया मला कुणी शिकवू नये. १८० प्रवाशांनी प्रत्येकी दोन किलो जास्त आणलं की झाले ३६० किलो. चार-पाच माणसं फुकट बसवल्यासारखं. ते इंधनात जातं, आणि इंधन तिकिटात. वरचे कप्पेसुद्धा ठरावीक भारासाठीच केलेले असतात. छोट्या एटीआर विमानात तर बघायलाच नको, तिथे ५५ सेंटीमीटरची बॅग आत घालताना घाम फुटतो.

बाकी, ओझरच्या विमानतळावर रात्री उतरल्यावर नाशिक शहरात यायला रिक्षावाले जे सांगतात त्यावर कुणी धागा काढत नाही. परवा मला विमानाच्या तिकिटाच्या निम्मे पैसे सांगितले. त्यावर बोला.

सातपूरचा_पोऱ्या
काका, विमान प्रवाशांचं सरासरी वजन धरून उडतं, एकेकाला तोलत नाही. माझं वजन ५४. शेजारी ११० चे गृहस्थ. त्यांची बॅग ७, माझी ९. भार कुणाचा जास्त?

ओझरचे_काका
हा विनोद १९८५ साली आमच्या कँटीनमध्येही जुना होता.

निफाडचा_कांदेवाला
गंगापूररोडवाले भाऊ, तुमचा प्रश्न आम्हा कांदेवाल्यांना विचारा. ट्रॉली काट्यावर घ्यायच्या आधी आम्ही काटा बघतो, मग माल. शून्यावर आहे का, शिक्का कधीचा आहे, पाट्याखाली खडा नाही ना. तुम्ही शिकलेली लोकं गुपचूप बॅग ठेवता आणि आकडा येईल तो मान्य करता.

ज्या काट्यावर वजन करून पैसे घेतात त्याला सरकारी वैधमापनवाल्यांचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्यांचा शिक्का लागतो, इलेक्ट्रॉनिक असला तर दरवर्षी पडताळणी. कायदा २००९ चा आहे. किराणावाल्याला लागतो, भंगारवाल्याला लागतो. मग कंपनी किलोमागे पैसे घेती तर तिच्या काट्याला नको? पुढल्या वेळी 'शिक्का दाखवा' म्हणा आणि तोंड बघा.

वेळेवर_निघा
बरं, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. पण गेटवर शंभर माणसं उभी असताना शिक्का शोधत बसलात तर विमान तुमच्यासाठी थांबणार नाही.

निफाडचा_कांदेवाला
घाईत तोललेला माल कुणाच्या फायद्याचा असतो, ते आम्हाला ठाऊक हाय.

डब्लिनची_नाशिककर
तुम्ही सुखी आहात. भारतात अजून ७ किलो तरी फुकट नेता येतं. इथे रायनएअर या विमान कंपनीच्या साध्या तिकिटात ४० बाय ३० बाय २० ची पिशवी, म्हणजे पोराचं दप्तर. चाकांची बॅग हवी तर वेगळे पैसे. युरोपियन न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलंय की वाजवी आकार-वजनाचं हातातलं सामान हा प्रवासाचा अत्यावश्यक भाग आहे, त्याचे जादा पैसे घ्यायचे नाहीत. स्पेनने अशाच जादा पैशांवरून नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच विमान कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरो दंड ठोकला.

सातपूरचा_पोऱ्या
मग आता पैसे भरत नाही ना?

डब्लिनची_नाशिककर
भरते.

कॉलेजरोड_वकील
आपल्याकडेही झालंय. १५ ते २० किलोच्या चेक-इन सामानाला किलोमागे १०० रुपयांची मर्यादा डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, २०१६ मध्ये घातली होती. कंपन्या न्यायालयात गेल्या, २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दर कंपनीने ठरवायचा, ठीक. पण दर आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कांदेवाल्यांचा मुद्दा बिनतोड आहे.

इंदिरानगरची_मावशी
वजनाचं सोडा हो, माझं खोबरं काढून घेतलं त्याचं काय?

लेकीचं डोहाळजेवण. ओटीचं सगळं सामान हातातल्या बॅगेत: खण, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या. तपासणीला बॅग उघडली आणि वाट्या बाजूला. "मॅडम, ये अलाउड नहीं." मी म्हटलं अरे बाळा, खोबरं आहे, बॉम्ब नाही. हसला पण सोडलं नाही. मुलीची ओटी मी बदामांनी भरली. आयुष्यभर विसरणार नाही.

ओझरचे_काका
ताई, त्याचं बरोबर होतं. सुक्या खोबऱ्यात तेल फार. साठ्यात आपोआप तापतं, पेट घेऊ शकतं. धोकादायक मालाच्या जागतिक यादीत त्याला स्वतःचा क्रमांक आहे, यूएन १३६३, स्वतःहून पेटणाऱ्या पदार्थांच्या वर्गात.

इंदिरानगरची_मावशी
माझ्या डब्यात गेली चाळीस वर्षं खोबरं आहे. एकदाही पेटलं नाही.

सातपूरचा_पोऱ्या
थांबा! मग चिवडा? त्यात खोबऱ्याचे काप असतात! दर दिवाळीला पुण्याहून बंगळुरूला दोन किलो नेतो.

ओझरचे_काका
तळलेले काप म्हणजे गोटा नव्हे.

सातपूरचा_पोऱ्या
तळले की तेल वाढतं का कमी होतं, काका?

आखाती_पाहुणा
दुबईला जाणाऱ्यांनो, खोबऱ्यापेक्षा खसखस सांभाळा. तिथे ती अमली पदार्थांत मोडते. आमच्या आईने अनारसे दिले होते. मी बसमध्ये बसल्यावर आठवलं, कसारा घाटातच सगळे खाऊन टाकले. एकवीस अनारसे. नंतर विमानात काय झालं ते विचारू नका.

इंदिरानगरची_मावशी
आईने केलेले अनारसे घाटात? पाप लागेल. साखर लावून करायला सांगायचे.

कॉलेजरोड_वकील
साखरेचा अनारसा म्हणजे अनारसाच नव्हे.

इंदिरानगरची_मावशी
वकीलसाहेब, तुम्ही कधी पीठ भिजवलंय का? नाही ना? मग न्यायालयातच बोला.

वेळेवर_निघा
धाग्याचा विषय काय होता?

गेटवरची_मुलगी
मी हेच काम करते. कंपनी सांगणार नाही. इतका वेळ वाचत होते, आता लिहिते.

आम्हाला लोक चोर म्हणतात, आईवरून बोलतात. जुलै २०२५ मध्ये श्रीनगरला याच कारणावरून कर्मचाऱ्यांना मारहाण झाली, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. एकाच्या मणक्याला फ्रॅक्चर झाल्याचं त्या कंपनीने सांगितलं. आम्हाला हिशेब असतो वेळेचा. विमान उतरल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत अर्धा-पाऊण तास. शेवटच्या तीस प्रवाशांच्या बॅगांना वर जागा उरत नाही, मग खाली पाठवाव्या लागतात. आणि ऐन वेळी त्यातून पॉवर बँक बाहेर काढा म्हटलं की माणूस जमिनीवर बसून चड्ड्या-बनियन उपसतो. पॉवर बँक विमानाच्या पोटात टाकता येत नाही, आग लागली तर तिथे विझवायला कुणी नसतं. शिव्या मात्र मलाच.

काट्याचं म्हणाल तर, हो. आमच्या एका गेटचा काटा फरशी वाकडी आहे तिथे ठेवलाय. मी वरिष्ठांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

गंगापूररोडकर
ताई, तुमच्यावर राग नाही. त्या मुलावरही नसावा बहुतेक. थोडा आहे.

वेळेवर_निघा
लालपरीचं वाक्य मागे घेतो. वाचायचा सल्ला मागे घेत नाही.

निफाडचा_कांदेवाला
शनिवारी ओझरहून पुतण्याकडे चाललोय. काट्यावर शिक्का हाय का नाही, फोटो काढून इथं टाकतो.

ओझरचे_काका
फोटो काढू नका हो! एचएएलचा विमानतळ आहे, सुरक्षावाले बसवून ठेवतील.

निफाडचा_कांदेवाला
मग बघून येतो आणि कागदावर चित्र काढतो.